बारवेला एक बाग लावून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका गावच्या पोरांनी बारवेतला, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरीतला, गाळ काढला त्याची फोटोसकट बातमी आली होती, ती वाचून फार बरं वाटलं अन् लगेच मनात आलं की आता पुढं काय? गाळ निघाला, फोटो निघाला, सरपंचांनी नारळ फोडला, पण दोन पावसाळे गेले की परत त्याच बारवेत प्लास्टिक, निर्माल्य अन् पायऱ्यांच्या फटीतून वर आलेली पिंपळाची झाडं, हे आमच्या गावात डोळ्यानं बघितलंय. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण यंदा मी इंग्लंडातल्या एका खेड्यात विहीर बघून आले, तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई, लातूर जिल्ह्यात राहते. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा रीडिंगला नोकरीला आहे, लंडनच्या पश्चिमेला आहे ते गाव, अक्का पण आता त्याच्याकडंच असते. कितीतरी दिवस मागं लागला होता की मावशी एकदा ये, आईला पण बरं वाटंल, म्हणून यंदा मे महिन्यात जाणं झालं. लंडन बघितलं, त्याच्यावर सगळेच लिहितात, मी नाही लिहीत. मला ओढ होती ती तिकडचं खेडं बघायची. भाच्याला म्हणलं, बाबा मला शेतं दाखव, गावं दाखव, पाणी कुठून येतं ते दाखव. त्यानं अन् सूनबाईनं शनिवार-रविवार गाडी काढून खरंच सगळं दाखवलं.

पहिल्यांदा गेलो ते कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांच्या भागात. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, घरं त्याचीच, चर्च त्याचंच, शेताचे बांध पण त्याचेच, अन् बांध म्हणजे सिमेंट नाही की चुना नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. बायबरी गावात अर्लिंग्टन रो म्हणून बुटक्या घरांची एक ओळ आहे, १३८० च्या आसपास ते मठाचं लोकरीचं गोदाम होतं, पुढं १७ व्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. आज ती नॅशनल ट्रस्टकडं आहेत अन् आत माणसं राहतात, चुली पेटतात, दारात फुलझाडं आहेत. नॅशनल ट्रस्ट ही सरकारी संस्था नाही, १८९५ ला तिघांनी मिळून काढलेली, लोकांच्या वर्गणीवर अन् देणग्यांवर चालते. भाचा सांगत होता की तिकडं जुन्या इमारतींची यादी असते, तुमचं स्वतःचं घर असलं तरी यादीत आलं की परवानगीशिवाय मोडतोड करता येत नाही. शेतातून जाणाऱ्या पायवाटा पण १९४९ च्या कायद्यानं नकाशावर कायम केल्यात, शेतकऱ्यानं मधून नांगर घातला तरी ठरलेल्या मुदतीत वाट परत चालण्यासारखी करून द्यावी लागते. आपल्याकडं पाणंद रस्त्यासाठी तहसीलला चकरा मारून माणसाच्या चपला झिजतात. तो विषय मोठा आहे, त्याच्यावर परत कधीतरी लिहीन.

मग एकदा लांब उत्तरेला डर्बीशायरमध्ये टिसिंग्टन नावाच्या खेड्यात गेलो. अक्काची तब्येत म्हणावी तशी नव्हती तरी ती हट्टानं आली, अन् आली ते फार चांगलं झालं. तिथं दरवर्षी मे महिन्यात, ईस्टरनंतर चाळीस दिवसांनी त्यांचा एक सण येतो तेव्हा, गावातल्या विहिरी अन् झरे फुलांनी सजवतात. मोठाल्या लाकडी फळ्या असतात, त्या आधी पाण्यात भिजवून ठेवायच्या, मग त्याच्यावर मीठ घालून मळलेल्या मातीचा जाड थर द्यायचा, कागदावर काढलेलं चित्र त्या मातीवर ठेवून टाचणीनं टोचून टोचून उतरवायचं, अन् मग फुलाची एकेक पाकळी दाबून बसवत जायची. पाकळ्या खालून वर लावत येतात, वरची पाकळी खालचीवर थोडी चढवायची, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. मी अगदी जवळ जाऊन बघितलं, निळ्या रंगासाठी हायड्रेंजियाच्या पाकळ्या, मधे शेवाळ, बिया, झाडाची साल, सगळं निसर्गातलंच. कुणी म्हणतं १३४८-४९ च्या प्लेगात हे गाव विहिरीच्या चांगल्या पाण्यामुळं वाचलं म्हणून ही प्रथा, कुणी म्हणतं १६१५ च्या मोठ्या दुष्काळात इथलं पाणी आटलं नाही म्हणून. कारण काही असो, पाण्याचे उपकार मानायला सगळा गाव राबतो, म्हाताऱ्या बायकांपासून शाळेतल्या लेकरांपर्यंत. अक्का तिथल्या विहिरीपुढं हात जोडून उभी राहिली. आमच्या आईनं दोघींच्या बाळंतपणानंतर आम्हाला विहीर पुजायला नेलं होतं, हळद-कुंकू, खण-नारळ, ते सगळं आम्हाला आठवलं. आज आपल्याकडं किती घरात बाळंतीण विहिरीवर जाते? बहुतेक ठिकाणी घरातल्या नळालाच कुंकू लावून मोकळे होतात, कारण विहिरीजवळ जाववत नाही इतकी घाण.

आता मुख्य गोष्ट. भाच्याच्या घरापासून फार लांब नाही, चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचं खेडं आहे. जाताना बीच नावाच्या झाडांचं जंगल लागतं अन् डोक्यावर तांबूस घारी फिरत असतात. त्या घारी इंग्लंडातून पार संपल्या होत्या, १९८९ पासून पुढं स्पेनहून आणून इथं परत सोडल्या म्हणे, आता ढीगभर आहेत. तर ह्या स्टोक रो गावात रस्त्याच्या कडेलाच एक विहीर आहे, वर लोखंडी खांबांवर घुमट, खाली पाणी काढायचं रहाट-यंत्र, अन् त्या यंत्राच्या वर एक सोनेरी हत्ती! इंग्लंडच्या खेड्यात हत्ती बघून मला काही कळेना. मग भाच्यानं घुमटाखालचं नाव वाचून दाखवलं, काशीच्या महाराजांनी ही विहीर दिली असं लिहिलेलं. महाराजा ईश्वरी प्रसाद नारायण सिंह, बनारस. अंगावर काटाच आला.

हकीकत अशी आहे. एडवर्ड अँडरडन रीड नावाचा इंग्रज अधिकारी आपल्याकडं उत्तर भागात नोकरीला होता, त्यानं १८३१ साली आझमगडकडं लोकांसाठी एक विहीर खोदून घेतली होती. काशीच्या राजाची अन् त्याची चांगली ओळख. बोलता बोलता रीडनं राजाला सांगितलं होतं की माझ्या गावाकडं पण पाण्याचे असेच हाल आहेत, लहानपणी मी एका बाईला तिच्या लेकराला मारताना बघितलं, का तर घरातलं शेवटचं पाणी त्यानं पिऊन टाकलं. इंग्लंडात पाऊस भरपूर, आपल्याला वाटतं तिथं कसली पाणीटंचाई? पण चिल्टर्नची टेकडी खडूच्या दगडाची आहे, पडलेलं पाणी सरळ खाली मुरून जातं, वर काही राहत नाही. लोक डबक्यातलं अन् मातीच्या खड्ड्यातलं पाणी वापरायचे, तेही आटलं की लांबून आणायचे. राजानं ती लेकराची गोष्ट मनात ठेवली अन् पुढं रीडच्या भागातल्या लोकांसाठी विहीर द्यायचं ठरवलं. १८६३ च्या मार्चमध्ये काम सुरू झालं, २४ मे १८६४ ला विहीर लोकांसाठी खुली झाली. चार फूट रुंद अन् ३६८ फूट खोल, सगळी हातानं खोदलेली. लंडनचं ते सेंट पॉल्सचं मोठं चर्च आहे ना, ते ३६५ फूट उंच आहे, म्हणजे ते आख्खं चर्च आत मावेल एवढी खोली. वरून वाकून बघितलं तर तळ दिसतच नाही. चार फुटाच्या भोकात एक माणूस खाली बसून खोदतोय अन् माती दोरानं वर चाललीय, हे नुसतं डोळ्यापुढं आणलं तरी छाती दडपते. मी विहिरीवरच्या माणसांमध्ये वाढले, आमचे आजोबा सुरुंगाच्या विहिरी पाडायला जायचे, म्हणून मला त्या खोदणाऱ्यांचं जास्त वाटलं.

कुणी म्हणेल राजानं इंग्रजांची मर्जी सांभाळायला केलं. असेल तसं, १८५७ ला तो इंग्रजांच्याच बाजूनं होता. अन् १८६०-६१ ला आपल्याच उत्तर हिंदुस्थानात मोठा दुष्काळ पडून माणसं मेली होती, तो पैसा तिथं लागला असता तर, असं माझ्या मनात पण आलं अन् दुखलं. पण मला आपल्या गावांसाठी जे घ्यावंसं वाटलं ते वेगळंच आहे.

विहिरीशेजारी रीडनं चेरीची बाग लावून दिली. तिचं नाव ठेवलं ईश्री बाग, राजाच्या नावावरून. कशासाठी, तर चेरी विकून जे पैसे येतील त्यातून विहिरीची दुरुस्ती व्हावी म्हणून, पाणी मात्र लोकांना फुकट. अन् विहीर राखणाऱ्यासाठी शेजारीच एक छोटं घर बांधून दिलं, ते अजून उभं आहे. म्हणजे बघा, १६० वर्षांपूर्वी विहीर देतानाच विचार केलेला की दोर तुटणार आहे, यंत्राला वंगण लागणार आहे, कुणीतरी रोज तिथं असायला पाहिजे अन् त्याचं पोट पण चाललं पाहिजे. पुढं नळ आला, विहिरीचं पाणी बंद झालं, सत्तर-एक वर्षं वापरली असेल लोकांनी. पण नळ आल्यावर तिचा उकिरडा केला नाही! १९६४ ला शंभर वर्षं झाली तेव्हा राणीचे यजमान प्रिन्स फिलिप आले होते, काशीहून गंगेचं पाणी आणून विहिरीत ओतलं होतं. आज एक विश्वस्त मंडळ बघतं, हत्तीचा सोनेरी रंग लख्ख आहे, गवत कापलेलं, बाकडं ठेवलेलं, अन् बागेत चेरीची झाडं आहेत. आम्ही तिथंच बसून डब्यातल्या दशम्या अन् शेंगाची चटणी खाल्ली.

त्या लेकराला मार बसला ती गोष्ट मला इंग्लंडची वाटलीच नाही. २०१६ ला लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी जमू नये म्हणून जमावबंदीचं कलम लावलं होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, सगळ्या देशानं बघितलं. माझ्या वर्गातल्या पोरी तेव्हा दहाला यायच्या बारा वाजता, हातावर घागरीच्या दोराचे वळ घेऊन. एकीनं मला सांगितलं होतं, बाई, मी रात्री पाणी प्यायले म्हणून आजी बोलली. ती पोर आता नर्स आहे, बरं चाललंय तिचं. पण जिथं असं पाणी मोजून प्यायलोय त्या मराठवाड्यात आपल्या वाडवडलांनी बांधलेल्या पाण्याच्या जागा आपण अशा टाकून द्याव्यात याचा मला संताप येतो.

आमच्या गावची बारव सांगते. नाव नाही लिहीत गावाचं, कुणाचा अपमान करायचा नाही, अन् हे कुठल्याही गावाला लागू पडेल. काळ्या पाषाणाची, चुना न वापरता नुसते घडीव दगड एकमेकात बसवलेले, तिन्ही बाजूनं पायऱ्या उतरत जातात, भिंतीत देवकोष्ठं, एकात शेषशायी विष्णू होता, आता त्याचं तोंड झिजून गेलंय. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात गावातलं सगळं पाणी आटलं तरी बारवेत खालच्या पायरीवर पाणी असायचं, अन् त्या पायरीवर पाय ठेवला की थंडावा डोक्यापर्यंत जायचा. मग नळ योजना आली. नळाला आठ दिवसाला पाणी, पण बारवेवर जायचं लोकांनी सोडून दिलं. आधी गणपती विसर्जन, मग निर्माल्य, मग जुने कपडे, मग लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, अन् शेवटी कुणीतरी शेजारच्या गोठ्याचं पाणी आत सोडलं. मधे एकदा सफाईचा निधी आला होता, ठेकेदारानं जेसीबी लावला अन् गाळाबरोबर एका बाजूच्या पायऱ्या पण उचकटून काढल्या. ते घडीव दगड वर्षभर रस्त्याच्या कडेला पडून होते, हळूहळू एकेक करून गायब झाले. तक्रार केली, कागदावर कागद गेले, उत्तर एवढंच आलं की सदर बारव आमच्याकडं नोंद नाही. नोंदच नाही तर जबाबदारी कुणाची? कुणाचीच नाही.

सगळीकडं असंच आहे असं मी म्हणणार नाही. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची ती गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव लोकांनी मोकळी केली, आता लांबलांबून माणसं बघायला येतात. त्याच जिल्ह्यातल्या चारठाण्याला एवढं जुनं वैभव आहे. बीडची खजाना विहीर १६ व्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली, आतून भुयारी वाटेनं पाणी शेतीला नेलेलं, कसलं डोकं लावलं असेल त्या माणसांनी. संभाजीनगरची पाणचक्की तर पोरांना सहलीला नेऊन नेऊन मला पाठ झालीय. पण ह्या मोठ्या नावांच्या पलीकडं गावोगावी ज्या साध्या बारवा आहेत, ज्यांच्यावर शिलालेख नाही की राजाचं नाव नाही, त्या पुरातत्व खात्याच्या यादीत कधी येणार नाहीत, अन् सगळ्या त्या खात्यानंच सांभाळाव्यात असं म्हणणं पण बरोबर नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बारवेच्या नावानं दहा-वीस गुंठे जागा द्या अन् तिथं झाडं लावा. गावठाणातली असो, कुणी दान दिलेली असो, ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदार साहेबांची मंजुरी घेऊन रीतसर. झाडं आपल्या मातीत येणारी लावायची, सीताफळ, चिंच, जांभूळ, आवळा. सीताफळ तर आपलं हक्काचं फळ, बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन मिळालेलंय, पाणी कमी लागतं अन् पाल्याला शेळी-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं राखायला पण सोपं. गावातल्या चिंचेचा लिलाव तर आत्ता पण दरवर्षी होतो, पैसा ग्रामपंचायतीत जातो, ही नवी पद्धत नाही काढायची, फक्त बारवेच्या बागेचा पैसा बारवेलाच लागला पाहिजे अन् त्याचा हिशोब गावच्या फळ्यावर लिहिला पाहिजे. राखण अन् तोडणी बायकांच्या बचत गटाला द्या. गट असला की रोज कुणीतरी तिथं असतं, अन् जिथं रोज माणूस असतो तिथं कचऱ्याचं पोतं टाकायला लोक कचरतात. अन् कृपा करून बारवेत जेसीबी घालू नका. गाळ टोपल्यानं निघतो, वेळ लागतो, पण पायरी राहते.

पहिली पाच वर्षं पैसा कुठून यायचा हा प्रश्न येणार, झाडं फळाला येईपर्यंत कुंपण लागतं, उन्हाळ्यात टँकर लागतो. मी ह्याच्यावर भाच्याशी अन् सूनबाईशी लई बोलले. मराठवाड्यातल्या गावागावातून पोरं आज इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, दुबईला आहेत, गावच्या जत्रेला, मंदिराच्या कळसाला ती पैसे पाठवतातच. काशीच्या राजानं तिकडच्या खेड्याला विहीर दिली, तर तिकडं कमावणाऱ्या आपल्या लेकरांनी आपल्या गावच्या बारवेला कुंपण अन् रोपं द्यायला काय हरकत आहे? भाचा म्हणाला मावशी आईच्या नावानं आपल्या गावच्या बारवेचं कुंपण मी करतो, अक्का लगेच म्हणली माझ्या नावानं नको, आपल्या मायच्या नावानं कर, तिनंच विहीर पुजायला शिकवलं.

रोपं मी देते. सीताफळाची रोपं अंगणात पिशव्यांमध्ये तयार करायला घेतलीत, जुना विद्यार्थी रोपवाटिका चालवतो त्यानं चिंचेची द्यायचं कबूल केलंय. आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्या म्हणून अर्ज दिलाय, पोच घेऊन ठेवलीय. संपादक साहेब, आपल्याला विनंती एवढीच की आपल्या पेपरात एक छोटा कोपरा ह्या कामासाठी द्या. ज्याच्या गावात बारव आहे त्यानं गावाचं नाव, तालुका, आज पाणी आहे का, पायऱ्या शाबूत आहेत का अन् सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला नोंद आहे का, एवढं लिहून पाठवावं, फोटो असला तर फोटो, अन् आपण ते तालुकावार छापावं. शाळेच्या मास्तर-बाईंनी मनावर घेतलं तर पाचवी-सहावीची पोरं एका रविवारी ही माहिती गोळा करतील, मी स्वतः माझ्या जुन्या शाळेत जाऊन बसायला तयार आहे. यादी छापून आली की निदान कुठल्या ऑफिसला "नोंद नाही" असं म्हणता येणार नाही, अन् दिवाळीच्या आत ह्या यादीचं पहिलं पान आपल्या पेपरात बघायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. लातूर